हात टेबलावर ठेवा

घडीताईचं बाहेर काहीतरी चालू आहे, ही बातमी तिसऱ्या मजल्यावर सगळ्यात आधी पिनकोडला कळली. यात नवल काही नव्हतं. त्या इमारतीत कुणाकडे पाहुणा आला, कुणाचा गॅस संपला, कुणाची नोकरी गेली, हे सगळं पिनकोडच्या दारावरून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे. नाव काय उगाच पडलं होतं? तर पिनकोडने आपल्या डोळ्यांनी पाहिलं की शेजारची घडीताई, अडतीस वर्षांची, दहावीतल्या मुलीची आई, कानात वायर घालून जिना चढते, मध्येच थांबते, ओठ हलवते, आणि एकदा तर चक्क हसली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर. एकटीच.

"नवऱ्याशी बोलताना कधी अशी हसलेली बघितली नाही," पिनकोड म्हणाली. हे तिने चार घरी सांगितलं आणि चारही घरी 'माझं नाव घेऊ नका' म्हणून बजावलं, त्यामुळे संध्याकाळच्या आत ते तिच्या नावासकट घडीताईच्या सासूबाईंपर्यंत पोचलं.

सासूबाई तेव्हा कॉटवर होत्या. दोन महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून अंग कॉटवर आणि कान सगळ्या इमारतीत, अशी त्यांची विभागणी झाली होती. घडीताई कामावरून आली, चपला काढते आहे तोवर हुकूम सुटला.

"ती वायर इकडे आण."

"कशाला, आई?"

"आण म्हटलं ना!"

त्यांनी वायर कानात खुपसली, डोळे मिटले, आणि एखादा मुद्देमाल जप्त केल्यासारखा चेहरा करून ऐकू लागल्या. कानात एक बाईचा आवाज सांगत होता की रक्ताचे डाग पडलेलं कापड आधी गार पाण्यात टाकावं, गरम पाण्यात टाकलं तर डाग पक्का बसतो. मग तो आवाज खोकला. चांगला दोन-तीनदा खोकला, आणि म्हणाला, 'माफ करा हं.'

"बाईच आहे की गं!" सासूबाईंचा फार हिरमोड झाला. "आणि खोकते किती. हिला कुणी डॉक्टरकडे नेत नाही का?"

"त्या शिकवतात, आई. आमच्या बाई आहेत."

"दिसायला कशा आहेत?"

"कुणी बघितलंय!"

घडीताई जिन्यात हसली होती ती याच खोकल्याला. बाई 'माफ करा हं' म्हणाल्या, आणि हिच्या तोंडून आपसूक निघून गेलं, 'असू दे हो.' एवढंच ते लफडं.

*

घडीताई हे नाव तिला मिळालं हातांमुळे. शहरातल्या मोठ्या दवाखान्याच्या तळघरात धुलाईखाना आहे. तिथे रोज चादरी, उशांचे अभ्रे, शस्त्रक्रियेचे हिरवे अंगरखे धुऊन, वाळून, गरमागरम बाहेर पडतात, आणि लांबलचक टेबलांपाशी उभ्या असलेल्या बारा बायका त्यांच्या घड्या घालतात. रोजंदारीवर. आली तर हजेरी, नाही आली तर कोण कुणाची. घडीताई सोळा वर्षं त्या टेबलापाशी उभी होती. तिची चादर सात हालचालींत होते: झटका, टोकाला टोक, अर्धी, पुन्हा अर्धी, तळहात फिरवून सपाट, तीन पदरी, आणि उलटून ढिगावर. डोळे बांधले तरी काठाला काठ जुळलेला. मुकादम नव्या बायकांना सांगायचा, "हिच्या घडीला फूटपट्टी लावून बघा. चूक निघालीच तर ती फूटपट्टीची."

हाच मुकादम एक दिवस भिंतीवर कागद चिकटवून, एकही विनोद न करता, मान खाली घालून निघून गेला. बारा जणींना काय ते तिथेच कळलं. कागद नंतर वाचला. घड्या घालणारं यंत्र येणार होतं. सात महिन्यांनी. बारा जणींचं काम तीन जणी करणार. त्या तीन कोण, ते यंत्र आल्यावर बघू. आणि खाली, बारीक अक्षरात: वरच्या मजल्यावरच्या निर्जंतुकीकरण विभागात चार मदतनीस हवेत, कायम नोकरीवर, मान्यताप्राप्त प्रमाणपत्र असेल त्यांनीच नावं द्यावीत, शेवटची तारीख, यंत्र येईल त्या महिन्याची तीस.

'निर्जंतुकीकरण' हा शब्द वाचायला घडीताईला मध्ये दोनदा थांबावं लागलं. शाळा आठवीनंतर सुटली होती, त्याला तेवीस वर्षं झाली होती. घरी नवरा रंगारी. माणूस देवमाणूस, पण लोकांच्या भिंतींना रंग लागला तर याच्या घरात चूल पेटणार, आणि लोक अलीकडे भिंतींना रंग लावायचं पुढे पुढे ढकलायला लागले होते. सासूबाई कॉटवर. मुलगी दहावीला. घडीताईची रोजची हजेरी हा त्या घराचा खांब होता, आणि खांबाला कुणीतरी तारीख घालून दिली होती.

मार्ग मुलीने शोधला. "आई, दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम आहे. सहा महिन्यांचा. पुस्तकं टपालाने येतात, धडे फोनवर ऐकायचे. आठवी झालेल्यांना घेतात. घरबसल्या करता येतो."

"मी घरात बसते कधी?" घडीताई म्हणाली.

प्रश्न खरा होता. पुस्तक उघडून बसायला तिला वेळही नव्हता आणि खरं सांगायचं तर धीरही नव्हता. पुस्तक उघडलं की अक्षरं मुंग्यांसारखी पळायची. मग तिने धडे कामावर ऐकायला सुरुवात केली. मुकादमाने परवानगी दिली ती एका कानाची. "एक कान तुझ्या बाईंना, एक कान मला. मी 'आग लागली' म्हणून ओरडलो तर कुणाचंतरी ऐक."

सहा महिने ती खोकणारी बाई एका कानात बोलत राहिली आणि हात चादरींच्या घड्या घालत राहिले. गोळा करणं म्हणजे झटका. धुणं म्हणजे टोकाला टोक. वाळवणं, तपासणं, बांधणं, वाफ देणं, साठवणं. कामाच्या सात पायऱ्या तिच्या सात हालचालींवर कधी जाऊन बसल्या, ते तिचं तिलाही कळलं नाही. बाईंचा आवाज हातांतून आत गेला म्हणा ना. लेखी परीक्षा केंद्रावर होती. पेन हातात होतं, डावा हात कागदाची कड चिमटीत धरून एकसारखा दुमडत होता, आणि पेपर सुटला. शंभरात एकसष्ट. रंगाऱ्याने गुणपत्रिका भिंतीवर लावली.

उरली तोंडी परीक्षा. फोनच्या कॅमेऱ्यासमोर, घरून, अर्धा तास.

*

या तोंडी परीक्षेचे नियम आले तेव्हा घरात खरी पळापळ झाली. खोलीत दुसरं कुणी नको. मागची भिंत एकरंगी हवी. टेबलावर काही नको.

मागची भिंत एकरंगी! रंगाऱ्याच्या घरची भिंत! ज्या ज्या गिऱ्हाइकाकडे रंग उरला त्याचा एकेक हात त्याने आपल्या भिंतीवर मारून ठेवलेला. डॉक्टरांचा पोपटी, शाळेचा पिवळा, कुठल्याशा सलूनचा जांभळा. घडीताईने पांढरी चादर काढली आणि खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधून टाकली. चादरीच्या अलीकडे ती, खुर्ची, टेबल आणि डब्याला टेकवलेला फोन. चादरीच्या पलीकडे भिंत.

आणि भिंतीला लागून कॉट. आणि कॉटवर सासूबाई.

"यांचं काय करायचं?" रंगारी म्हणाला. खोली एकच. न्हाणीघर मजल्यावर सामाईक.

"पिनकोडकडे अर्धा तास नेऊन बसवू."

"मला?" सासूबाई कॉटवरून म्हणाल्या. "तिच्याकडे अर्धा तास बसले तर या घरातलं काय काय माझ्या तोंडून बाहेर पडेल, माझा मलाच भरवसा नाही."

ते मात्र सगळ्यांना पटलं. शेवटी ठरलं की सासूबाई चादरीमागे पडून राहतील, आणि हूं का चूं करणार नाहीत. बापलेक बाहेर गॅलरीत पहाऱ्याला उभे राहिले. नियम मोडला हे घडीताईला ठाऊक होतं. पहिल्या प्रश्नाला ती अडखळली ती त्यामुळेच. मग तिने उत्तरं दिली. पुढची सगळी. परीक्षक तिघं होते, त्यातला चष्मेवाला सारखा काहीतरी लिहून घेत होता. संपल्यावर घडीताई घामाने निथळत बाहेर आली आणि म्हणाली, "झाली वाटतं." चादरीमागून आवाज आला, "आता शिंकू का?"

चार दिवसांनी पत्र आलं.

परीक्षार्थीची नजर वारंवार खाली जात होती. टेबलाखाली हातांची सतत हालचाल दिसून आली. नक्कल केल्याचा संशय. निकाल राखून ठेवला आहे. अठ्ठावीस तारखेला दुपारी तीन वाजता फेरतपासणी. दोन्ही हात पूर्ण वेळ टेबलावर, कॅमेऱ्यात दिसतील असे ठेवावेत. नियमाचा कोणताही भंग आढळल्यास प्रवेश रद्द.

मुलीने पत्र दोनदा वाचलं. "आई, खाली काय होतं तुझ्या हातात?"

"काही नव्हतं गं."

"मग बघत काय होतीस?"

घडीताईने आपले हात पुढे केले आणि त्यांच्याकडे बघत राहिली, दुसऱ्याचेच असल्यासारखी.

*

त्या आठ दिवसांत तिचं जेवण तुटलं. अठ्ठावीसला तपासणी, तीसला यादी. निकाल दोन दिवसांत लागला तर लागला. त्यात फोन जुना, खिडकीपाशी धरला तरच आवाज नीट येणार; तपासणीच्या मध्येच तो बंद पडला तर? सासूबाईंना खोकल्याची उबळ आली तर? ती उठताबसता असे 'तर' मोजायची. कामावर दोन बायकांनी नवं काम शोधायला सुरुवात केली होती. एक दिवस मागच्या दाराशी भलंमोठं लाकडी खोकं येऊन पडलं. यंत्र. मुकादमाने त्यावर ताडपत्री टाकली, पण ताडपत्रीखाली काय आहे ते काय लपतं? बायका त्या खोक्याला वळसा घालून जायच्या.

"हात काय करत होते ते आपण बघू," मुलगी म्हणाली. ती परीक्षक झाली, आई खुर्चीवर, हात टेबलावर.

"वाफेच्या यंत्रात बांधलेली गाठोडी किती वेळ ठेवायची?"

घडीताईचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. आत काही नव्हतं. सहा महिने कानात बोलणारी बाई गप्प झाली होती. तिने डोळे मिटले, तरी नाही. हात नकळत टेबलावरून सरकून मांडीवर गेले, बोटांनी हवेतच टोकाला टोक जुळवलं, आणि ती म्हणाली, "एकशे एकवीस अंश असेल तर तीस मिनिटं, आणि ती मोजायची तापमान तिथे पोचल्यापासून, यंत्र सुरू केल्यापासून नव्हे."

मुलीने आईचे हात मांडीवरून उचलून पुन्हा टेबलावर ठेवले.

"हात वर," मुलगी म्हणाली. "गाठोड्यावरच्या पट्टीवरच्या रेघा काळ्या झाल्या म्हणजे काय?"

काही नाही. कोरी पाटी. हात खाली, सगळं आलं.

मग सगळ्या घराने हात बसवण्याचं काम अंगावर घेतलं. मुलीने आईचे हात टेबलावर दाबून धरले. आई म्हणाली, "मला तर माझं नावही आठवेना." रंगाऱ्याने त्याचा चिकटपट्टीचा रोल आणला, खिडकीच्या काचांना रंग लागू नये म्हणून लावतात तो, आणि बायकोची मनगटं टेबलाला चिकटवली. नेमकी त्याच वेळी पिनकोड विरजण मागायला आली. दारातून तिने बघितलं: सून टेबलाला चिकटवलेली, नवरा हातात रोल घेऊन उभा, पोरगी वाफेबद्दल ओरडून विचारते आहे, आणि सासू कॉटवरून "सोडू नका तिला!" म्हणते आहे. पिनकोड विरजण न घेताच गेली. त्या दिवशी तिला घरं पुरली नसतील.

"त्यांना लिहून कळवू या की आईला घडी घातल्याशिवाय आठवत नाही," मुलगी म्हणाली.

"असं कुणी लिहितं का? हसतील," घडीताई म्हणाली. "वर म्हणतील, ही बाई शस्त्रक्रियेची गाठोडी बांधणार आणि हिला काही सुचायचं तर आधी चादर द्यावी लागणार." आणि ती रडली. रंगारी चिकटपट्टी सोडवत होता. हळूहळू, केस ओढले जाऊ नयेत म्हणून फुंकर घालत.

*

अठ्ठावीस तारखेला तीनला पाच कमी असताना चादर दोरीवर चढली. मागे सासूबाई, तोंडात स्वतःच्या हाताने कोंबलेला रुमाल. बाहेर बापलेक. फोन डब्याला टेकवलेला. घडीताईने हात टेबलावर ठेवले, पालथे, बोटं पसरून, आणि ते हात तिला दोन मेलेल्या पाखरांसारखे दिसले.

पडद्यावर एकच बाई आली. पन्नाशीची, थकलेली, केस कसेतरी बांधलेले. मान वर न करता तिने क्रमांक विचारला, पत्रातलं कलम वाचून दाखवलं आणि म्हणाली, "हात असेच ठेवा. गोळा केलेली उपकरणं आल्यापासून साठवणीपर्यंतच्या पायऱ्या सांगा."

सगळ्यात सोपा प्रश्न. पहिल्या धड्यातला.

खिडकीतून खालच्या रस्त्यावरच्या कुणाची तरी हाक आली. तिच्या कपाळावरून घामाचा थेंब नाकापर्यंत आला आणि तो पुसायला हात उचलायची तिची हिंमत झाली नाही.

"ऐकू येतंय ना?"

"येतंय, मॅडम."

"मग? लेखी परीक्षेत तुम्ही हे बरोबर लिहिलंय." बाईंनी पहिल्यांदा नीट कॅमेऱ्यात बघितलं. त्या नजरेत संशयापेक्षा कंटाळा जास्त होता, आणि घडीताईला तोच जास्त लागला. "हे बघा, येत नसेल तर तसं सांगा, मी लिहून..." आणि त्यांना खोकला आला. दोन-तीनदा. "माफ करा हं."

घडीताईची पाठ ताठ झाली.

"असू दे हो," ती म्हणाली. मग जरा थांबून, "बाई, तुमचा खोकला अजून गेला नाही?"

"काय?"

"सहाव्या धड्यापासून आहे. आमच्या सासूबाई पण विचारत होत्या."

पडद्यावरची बाई पेन खाली ठेवून बघत राहिली. आपण रेकॉर्ड केलेले धडे कुठेतरी कुणीतरी ऐकत असणार, हे तिला माहीत असणारच. पण खोकल्याची चौकशी करणारं आजवर कुणी भेटलं नसावं.

आता बोललं नाही तर संपलं, हे घडीताईला कळलं. तिने हात टेबलावरच ठेवले आणि धडधडा सगळं सांगितलं. तळघर, टेबल, एक कान, चादर. "तुम्ही सांगितलेलं सगळं माझ्या हातात आहे, बाई. हात बांधले की तोंड बांधलं जातं. मला एका चादरीची घडी घालू द्या. तुमच्या डोळ्यांदेखत. मग विचारा काय विचारायचं ते."

"टेबलावर काही नको असा नियम आहे."

"उभी राहून घालते. टेबल लागत नाही."

बाईंनी कपाळाला हात लावला. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "घ्या. कोरी चादर हवी. दोन्ही बाजू मला दाखवायच्या."

आणि घडीताईच्या लक्षात आलं, आपण काय मागून बसलो ते. घरातल्या बाकीच्या चादरी कॉटखालच्या ट्रंकेत. पेटी काढायची तर चादरीमागे जायचं, कॅमेऱ्याआड. मागे गेली की संशय पक्का. कोरी, दोन्ही बाजू दिसणारी, हाताशी असलेली चादर घरात एकच होती. दोरीवरची.

ती काढली की सासूबाई दिसणार. नियमाचा कोणताही भंग आढळल्यास प्रवेश रद्द.

ती खुर्चीवरून उठली आणि चादरीपाशी थबकली. बाई म्हणाल्या, "काही अडचण आहे का?" तेव्हा घडीताईने चादरीची दोन टोकं धरली, डोळे मिटले आणि झटका दिला.

पोपटी, पिवळी, जांभळी भिंत उघडी पडली. तिच्या पायथ्याशी कॉट. कॉटवर सासूबाई, तोंडात रुमाल, डोळे वटारलेले.

मग सासूबाईंनी रुमाल काढला आणि फोनकडे बघत म्हणाल्या, "मला काही ऐकू येत नाही."

"या कोण?" बाईंचा आवाज बदलला होता.

"सासूबाई. मांडीचं हाड मोडलंय. खोली एकच आहे, बाई. मागच्या वेळीही इथेच होत्या. पत्रात आलं ते खोटं होतं, हे मात्र खरं आहे."

"आजी, तुम्ही हिला उत्तरं सांगता का?"

सासूबाई क्षणात बहिरेपण विसरल्या. "मी? हिला? सोळा वर्षांत हिने मला एक गोष्ट विचारली असेल तर शपथ! सगळं स्वतःच्या मनाने."

बाईंनी बराच वेळ काही लिहिलं. घडीताईच्या हातात चादर तशीच लोंबत होती. मग बाई म्हणाल्या, "फोन असा ठेवा की तुम्ही दोघी दिसाल. आजींनी तोंडावर रुमाल धरायचा. घाला घडी. पायऱ्या सांगा."

टोकाला टोक जुळलं आणि बोलणं सुरू झालं. धुणं आलं, चादर अर्धी झाली तसं वाळवणं आलं. पुन्हा अर्धी झाली तसं तपासणं आलं. बाई मध्येच काहीबाही विचारत होत्या, रेघांच्या पट्टीबद्दल, गार पाण्याबद्दल. पट्टी काळी झाली म्हणजे वाफ बाहेरून लागली एवढंच. आतपर्यंत पोचली का ते आतली पट्टी सांगते. घडीताई सांगत होती, आणि एका जागी मध्येच थांबली. वाक्य अर्धं.

"का थांबलात?"

"इथे तुम्ही खोकला होतात, बाई."

चादर संपली. घडी तिने छातीशी धरली. बाईंनी कागद चाळले आणि म्हणाल्या, "हा शेवटचा प्रश्न धड्यात नाही. गाठोडं वाफेतून ओलसर निघालं. बाहेर शस्त्रक्रियेसाठी माणसं थांबली आहेत. सगळे म्हणताहेत, दे लवकर. तुम्ही काय कराल?"

"नाही देणार. ओलं म्हणजे जमिनीवर पडल्यासारखंच. पहिल्यापासून सगळं परत."

"डॉक्टर ओरडले तर?"

"ओरडू देत. सोळा वर्षं मुकादमाचं ऐकतेय."

हे बोलताना तिचे हात घडीवर स्वस्थ पडलेले होते. ते तिच्या लक्षात आलं नाही. सासूबाईंच्या आलं.

"खोलीत दुसरी व्यक्ती होती, हे मला लिहावं लागेल," बाई म्हणाल्या. "ते बघून समिती ठरवेल. मी माझं लिहीन, पुढचं माझ्या हातात नाही." आणि पडदा काळा झाला.

*

एकोणतीस तारीख गेली, काही आलं नाही. तीसला सकाळी मुकादम म्हणाला, "पाच वाजता यादी वर जाते. तुझ्या नावापुढची जागा कोरी ठेवलीय. साडेचारपर्यंत." त्या दिवशी घडीताईच्या तीन चादरींचे काठ जुळले नाहीत. टेबलावरच्या शेजारणीने त्या उलगडून पुन्हा घड्या घातल्या. कानातली वायर खिशात होती. एकच कान उघडा ठेवून जगायची इतकी सवय झाली होती, की दोन्ही कानांनी धुलाईखाना तिला असह्य झाला.

चारला दहा कमी असताना मुलगी तळघराच्या जिन्यावरून धावत खाली आली. शाळेच्या गणवेशात. फोन पुढे धरलेला. घडीताईने तो घेतला नाही. "तू वाच," ती म्हणाली, आणि टेबलाची कड घट्ट धरली.

"उत्तीर्ण," मुलगी म्हणाली.

बारा जणींतल्या अकरा आधी ओरडल्या. मुकादमाने तिच्या नावापुढे काय ते लिहिलं आणि कागद घेऊन स्वतः जिना चढत गेला. ओरडून झाल्यावर त्या अकरा जणींपैकी काहींची नजर मागच्या दाराकडे, ताडपत्रीकडे गेली, आणि घडीताईची पण गेली. त्या आनंदात एवढा एक खडा राहिलाच. दुसऱ्या दिवशी तिने आपली वायर शेजारणीच्या कानात घातली. "पहिल्या धड्यापासून ऐक. सहाव्यात बाई खोकतात, घाबरू नकोस."

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी घरी सासूबाईंनी सगळं पत्र वाचायला लावलं, आणि पत्राच्या तळाला एक शेरा होता. मुलीने तो गाळायचा प्रयत्न केला, पण आजीच्या कानांपुढे कुणाचं चालतं?

"'परीक्षेच्या वेळी खोलीत एक वृद्ध महिला उपस्थित होती,'" मुलीने वाचलं. "'तिची परीक्षार्थीला कोणतीही मदत झाल्याचे आढळून आले नाही.'"

सासूबाई कोपरावर उठून बसल्या. हाड मोडल्यापासून पहिल्यांदाच.

"कोणतीही मदत नाही? कोण म्हणतं? दोन वेळा, अर्धा अर्धा तास, रुमाल तोंडात घालून शिंक दाबून पडले होते ती काय माझी हौस होती? त्या खोकणारीला फोन लाव. आत्ताच्या आत्ता लाव!"

भिंतीपलीकडे पिनकोडचं दार हळूच उघडल्याचा आवाज आला.